काटोलचं काळं बटण

होळी होऊन चार दिवस झाले होते. आता नाही गेले तर कधीच जाणार नाही असं वाटलं, म्हणून संकष्टीचा दिवस धरला. संकष्टीला मी फराळ करते, पण त्या दिवशी खोटं बोलत नाही. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे, आईनं लावलेला. काटोलला जाऊन एका म्हातारीला जे सांगायचं होतं, ते दुसऱ्या कुठल्या दिवशी मी सरळ सांगितलं असतं याची मला स्वतःचीच खात्री नव्हती.

काटोलच्या बटणाचा फोटो कधी टाकता, असं मागच्या लेखाखाली चार-पाच जणींनी विचारलं होतं. त्या बटणाचं काय झालं ते इथे लिहिते. फोटो टाकणार नाही. नावं बदलली आहेत, आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारूनच लिहिते आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं मागचं. माझे सासरे शिंपी, नागपुरात महाल भागात दुकान होतं. दुकान बंद झालं तेव्हा मशिनी दिरांकडे गेल्या आणि आमच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला, जुन्या कोटांवरून उतरवलेल्या बटणांचा. त्यात एका राजाच्या राज्यारोहणाचं बटण निघालं, मधे मुकुट, कडेनं इंग्रजी अक्षरं. तिथून हे वेड लागलं. कुठे रेल्वेचा नवा फाटा सुरू झाला, कुठे पलटणीला शंभर वर्षं झाली, कुठे गिरणीचा महोत्सव झाला, की त्याची आठवण म्हणून कोटाची बटणं पाडायचे. बहुतेक विलायतेहून यायची, मागे कारखान्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत. आपल्याकडे ही बटणं कोटाला शिवलेली नसायची. कापडाला बारीक भोक, त्यातून बटणाची कडी मागे काढायची आणि कडीत रिंग अडकवायची. कोट धुवायला देताना बटणं काढून ठेवायची, कारण धोब्याच्या दगडाला कोणता राजा आणि कोणती गिरणी, काही कळत नाही.

आणि एक गोष्ट मी इथेच दहादा लिहिली आहे. जुनं बटण धुऊ नका, घासू नका. वरचा काळेपणा हा मळ नाही, तो त्याचा जन्मदाखला आहे.

पौषात मी मावसबहिणीकडे काटोलला गेले होते. तिच्या गल्लीत अनसूयाबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे वडील नागपूरच्या एका कापडगिरणीत विणाई खात्यात होते. गिरणीला पन्नास वर्षं झाली तेव्हा जुन्या कामगारांना कोट वाटले, कोटाला पाच बटणं, बटणावर गिरणीचं धुराडं. वडिलांना लेकरं पाच. कोट विरला तेव्हा त्यांनी एकेका लेकराला एकेक बटण दिलं. बाकी चौघांची बटणं गेली, आणि ती चौघं भावंडंही गेली. अनसूयाबाईंचं तेवढं राहिलं. काळं कुळकुळीत.

तसलीच तीन बटणं माझ्याकडे आहेत, जुन्या बाजारात मिळालेली. पण ती कोणाची होती हे मला कधीच कळणार नाही. हे एक बटण असं होतं, की ज्याचा माणूस माहीत होता. पुढची अक्षरं मी त्यांना तिथेच वाचून दाखवली. मागची वाचायला भिंग आणि चांगला उजेड हवा होता. एवढ्या वर्षांत ते कोणी वाचलंच नव्हतं. म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि मूठ मिटवली. म्हणाल्या, "वाच अन् लवकर आनून दे वं. माह्यापाशी दुसरं काही नाही त्याचं."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासायला काढली. समई, ताम्हण, पंचपात्री, घंटा, निरांजनं. चिंच भिजवलेली, बाजूला बारीक राख. भिंगातून बघून झालेलं बटण ओट्यावर वाटीत होतं आणि वाटी भांड्यांतच आली. तुम्हाला काय सांगू, चाळीस वर्षांचा हात आहे. पितळ काळं दिसलं की तो चालतो. मी मनात स्तोत्र म्हणत होते. स्तोत्र संपलं तेव्हा बोटांत एक पिवळंधमक, नवं कोरं बटण होतं. धुराड्यावरचा सोन्याचा मुलामा गेलेला. काळं तर पाण्यासोबत मोरीत गेलं.

तीन आठवडे मी हे फक्त ह्यांना सांगितलं होतं. ह्यांचं म्हणणं, म्हातारीला दिसतं किती, कर पुन्हा काळं आणि मोकळी हो. म्हणून सोमवारी जरीपटक्याला गेले. तिथे मूर्तींना आणि भांड्यांना मुलामा देणारं एक दुकान आहे, बाजाराच्या आतल्या अंगाला. (भर दुपारी जाऊ नका, गल्लीत सावली नाही.) दुकानदारानं बटण दोन बोटांत फिरवलं. "बहनजी, सोने का पानी चढ़ा दूँ, या काला कर दूँ? काला करूँगा तो जिसने पहना था वो भी धोखा खा जाएगा." पैसेही फार नव्हते. उद्या सांगते म्हणाले आणि मंगळवारचा अख्खा दिवस पाय ओढत घरातली कामं केली. ज्यानं ते घातलं होतं त्यालाच फसवायचं, हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

तर बुधवारी सकाळी सातला घरून निघाले. नंदनवनहून शेअर ऑटोनं गणेशपेठचा बसस्टँड, वीस रुपये. काटोलच्या गाड्या सारख्या असतात, पण आठच्या आत गेलात तर बसायला जागा मिळते, नंतर शिक्षक आणि ऑफिसवाले चढतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पन्नाशीच्या आसपास पडतं, सुटे ठेवा. आमच्या गाडीत निम्म्याहून जास्त बायकाच होत्या. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, आज गाडी पूर्ण भरली आणि धंदा अर्धाच. मागून एक जण म्हणाली, "तं तुमी बी साडी नेसून बसा नं भाऊ." तोही हसला.

जागा धरताना डावीकडची खिडकी बघा. सकाळी जाताना आणि दुपारी येताना, दोन्ही वेळा ऊन उजव्या अंगाला असतं. मी उजवीकडे बसले होते, म्हणून सांगते. काटोल नाका, गोरेवाड्याची झाडी, फेटरी. पुढे रस्ता बरा आहे, पण गुडघ्याच्या माणसानं मागच्या चाकावर बसू नये. दीड तासाचं अंतर म्हणतात, तुम्ही दोन धरा. पर्समधे तीन डब्या होत्या. एकीत घासलेलं बटण, दुसरीत माझ्याकडच्या तीनपैकी दोन काळी, दाखवायला की तुमचं असं होतं, आणि तिसरीत शेंगदाणे-गूळ.

काटोलला उतरलात की आधी पाणी प्या. स्टँडसमोरच्या टपरीवर तर्री पोहे चांगले मिळतात असं गाडीत शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं आणि ते खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं वरून आणखी तर्री मागून घेतली. मला उपास. साबुदाणा वडा होता, पण तेलाचा रंग बघून केळीच घेतली. संत्र्याच्या मृगबहाराची तोडणी चालू होती. बाजाराच्या रस्त्यावर गाड्याच गाड्या. सावलीला बसून बायका फळ निवडत होत्या, मोठं इकडे, लहान तिकडे, डागाळलेलं मागे. हातांचा वेग बघत मी दहा मिनिटं उभी राहिले. खरं म्हणजे पुढे जायला पाय उठत नव्हते.

अनसूयाबाईंचं घर दोन खोल्यांचं, पुढे टिनाचं शेड, शेडमधे रिकाम्या क्रेट रचलेल्या. मुलगा संत्र्याच्या बाजारात हमालीचं काम बघतो. दार सुनेनं, वर्षानं उघडलं. समोर भिंतीवर बुद्धाची मूर्ती, पुढे मेणबत्ती. अनसूयाबाई पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं करायचं नाही म्हणतात. मी जयभीम केला, त्यांनी मला जवळ बसवलं, उन्हाचं आलीस म्हणून वर्षाला पाणी आणायला लावलं.

आधी मी मागचं वाचन सांगितलं. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचून दाखवलं. कारखान्याचं नाव, गाव, बटण विलायतेत पाडलेलं. त्यांना गंमत वाटली. वर्षाला म्हणाल्या, पाहाय, तुह्या आजेसासऱ्याचं बटन जहाजात बसून आलं, आन् आपून अजून मुंबई नाही पाहिली.

मग डबी उघडली. म्हटलं, मावशी, माझ्या हातून चूक झाली. देवाच्या भांड्यांत तुमचं बटण आलं आणि मी ते घासून टाकलं.

त्यांनी ते घेतलं. अंगठा फिरवला. दारातून येणाऱ्या उजेडात धरलं, ते चमकलं, तशी मान मागे घेतली.

"हे माह्यं नोहे."

म्हटलं, तुमचंच आहे, चिंचेनं त्याचं काळं निघालं.

"बाई, तुह्या देवाईले लखलखीत लागत असन," त्या शांतपणे म्हणाल्या, "माह्या बापाले नाही लागत. माह्यं बटन काळं होतं."

मग मी दुसरी डबी काढली आणि तिथेच माझा सगळा दिवस उलटा झाला. दोन्ही काळी बटणं स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि सांगायला लागले, की बघा, तुमचं असंच होतं, ही माझ्याकडची आहेत. वाक्य पुरं होईपर्यंत त्यांचा हात ताटलीत गेला होता. एकावर अंगठा फिरवला, ठेवलं. दुसऱ्यावर फिरवला आणि मूठ मिटली.

"हे आहे माह्यं."

मी नाही म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वर्षा दारात उभी राहून ऐकत होती. अनसूयाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काहून एवढी घाबरून राहिली वं? घासेल बटन मले देऊन काळं आपल्यापाशी ठेवाचं होतं तुले. तुले हौस आहे त्याची. होते माणसाले. पण तू घेऊन आली नं परत? मंग झालं. मले राग नाही."

मी मोबाइल काढला. भांडी घासायच्या आधी घेतलेला फोटो त्यात होता. तो मोठा करून बघितला आणि तिथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की बटणाच्या कडेला धुराड्याच्या बरोबर खाली एक बारीक चीर आहे. घासलेलं बटण उचलून बघितलं. चीर तिथेच होती. त्यांच्या मुठीतलं माझं बटण गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे, त्याला चीर नाही. म्हणजे पुरावा होता, हातातच. वर्षाला दिसला असता, मुलाला दिसला असता. समजावून सांगितलं असतं तर त्यांनाही कदाचित पटला असता.

पण त्या बोलत होत्या. मूठ पदराखाली धरून वडिलांचं सांगत होत्या. गिरणीतून आले की कानात कापूस असायचा, म्हणून त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागायचं. तो कोट ते कुठे घालायचे, कोणी त्यांना साहेब म्हणून हाक मारली होती आणि त्यांना ती ऐकूच कशी आली नाही. पौषात मी आले होते तेव्हा यातलं काहीच त्यांनी सांगितलं नव्हतं. मी मोबाइल पर्समधे ठेवला. गप्प बसणं हे खोटं बोलण्यात येतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गुरुजींना विचारलं असतं, पण त्यांना आधी बटणांपासून सगळं सांगावं लागलं असतं.

निघताना त्यांनी घासलेलं बटण माझ्या डबीत टाकलं, हे घेऊन जा म्हणाल्या, तुह्यं आहे. वरून डझनभर संत्री दिली, संत्र्याला उपास चालतो म्हणून. चोराला कोणी एवढं देत नाही. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा डोक्यावरचा त्यांचा हात जड वाटला.

वर्षा स्टँडपर्यंत सोडायला आली. अर्ध्या रस्त्यात ती थांबली. मग विचारलं, "ताई, मी कोनाले सांगत नाही. पण खरं सांगा. बदललं होतं का?"

कडुलिंबाखाली उभं राहून तिला फोटो दाखवला. बटण दाखवलं. चीर दाखवली. तिनं दोनदा बघितलं, बटण माझ्याकडून घेऊन नखानं चीर चाचपली.

"म्हणजे बुढीच्या बापाचं बटन तुमच्याकडं चाललं."

हो म्हटलं.

"आन् तुमचं घेऊन ते घरी बसली. वरून तुमाले माफी देल्ली." तिला हसू आलं, मग तिनं ते पुसलं. "आता तिले नका सांगू. लई दिवसांनी एवढं बोलली ते. तुमी हे नीट ठेवा. ते गेली की मी फोन करीन, आपण अदलाबदली करून घेऊ. घरातलं घरात राहाले पायजे."

इतकं सरळ म्हणाली. मला तिचं वाईट वाटलं नाही, उलट एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी नीट मार्ग सांगितला असं वाटलं. मी कबूल केलं.

येताना अडीचची गाडी मिळाली. पुन्हा उजवीकडेच जागा मिळाली. फेटरीपर्यंत डोळा लागला. उठले तेव्हा मान आखडलेली आणि मांडीवर संत्र्यांची पिशवी. मी माफी मागायला गेले होते. माफी मिळाली, पण जे केलं नव्हतं त्याची. आणि जे केलं होतं ते तसंच पर्समधे होतं. घरी पोचून पाय धुतले, चंद्रोदयाला अवकाश होता म्हणून कुकर लावून देवापुढे बसले. ह्यांनी विचारलं, झालं का काम. झालं म्हटलं, जेवताना सांगते.

ज्यांना काटोलला जायचं आहे त्यांनी संत्र्याच्या दिवसांत जा, एका दिवसात आरामात होतं, बसभाडं आणि ऑटो धरून दोनशेच्या आत. जुनी बटणं शोधायची असतील तर दुकानांत नाही, गल्ल्यांमधे विचारा, पलंगावर बसलेल्या माणसांना विचारा. आणि कोणी दिलं तरी घरी आणू नका. तिथेच वाचा, तिथेच फोटो घ्या, भिंग सोबत न्या. एवढंच मी या प्रवासातून शिकले, आणि ते शिकायला जरा जास्तच वय झालं.

माझ्या यादीत त्या गिरणीची आता दोनच बटणं आहेत. तिसरं वेगळ्या डबीत आहे. ते मी मोजत नाही. कितीही दिवस राहिलं तरी मला चालेल, आणि संध्याकाळी दिवा लावताना मी अनसूयाबाईंसाठी आयुष्य मागते. शंभरी पार करोत.

परवा सकाळी पोळ्या करत होते आणि मोबाइलवर वर्षाचं नाव आलं. पोळी तव्यावर तशीच राहिली. पिठाच्या हातानंच फोन उचलला.

"ताई, ऐकून राहिल्या नं?" वर्षा म्हणाली. "बुढी विचारून राहिली, ते बटनवाली बाई कवा येते. तुमच्याशी बोलायले पायजे म्हणते तिले. पण आपल्या बटनाची डबी आदी लपवून ठेवतो म्हणते."

खाली टेकले. पोळीचा कोळसा झाला होता. तिला म्हटलं, सांग त्यांना, पुढच्या आठवड्यात येते, आणि म्हणावं डबी खरंच लपवून ठेवा.